शेडमधल्या दोन गाड्या

४ एप्रिल

छोटी,

फोनवर मी एक वाक्य बोललो की तू चार बोलतेस आणि वर फोन आपटतेस. म्हणून लिहितोय. कागदाला मधेच गप्प करता येत नाही.

काल तू पाठवलेल्या इलेक्ट्रिक शववाहिकेने माझी अब्रू चव्हाट्यावर मांडली. आपले ड्रॉइंगचे मास्तर गेले. त्यांना मूळ गावी न्यायचं होतं, घाटावर. निम्मा घाट चढतोय तोच समोरच्या पडद्यावर लाल चित्र आलं आणि गाडी अंग चोरायला लागली. नकाशात जवळची चार्जिंगची जागा दाखवत होती ती एका हॉटेलच्या आवारात. तिथे दोन खांब. एक बंद. दुसऱ्याला कुणा नवरा-बायकोची चकचकीत गाडी लावलेली आणि ते दोघं आत जेवत बसलेले. मी जाऊन सांगितलं, "जरा गाडी काढता का, आमच्याकडे मयत आहे." त्या बाईचा घास हातातच राहिला.

मग मास्तरांना वायर लावून उभं केलं. होय, उभंच म्हणतो. जेवायला आलेली माणसं हात धुऊन बघायला बाहेर येत होती. मास्तरांचा मेहुणा मला ऐकू येईल असा म्हणाला, "मोबाइल लावतात तसं भाऊजींना चार्जिंगला लावलंय." मास्तरांच्या पत्नी गाडीच्या पायरीवर बसून होत्या. वर गावात माणसं तिष्ठत होती. पोचलो तेव्हा दिवस बुडाला होता.

पेट्रोलची गाडी असती तर पंपावर थांबायचं, टाकी भरायची आणि निघायचं. चहा प्यायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. अण्णांनी शववाहिका सुरू केली त्याला तीस वर्षं होऊन गेली, एक मयत वाटेत अडकलं नाही. पण धंदा दोघांच्या नावावर, तू बसडेपोत इलेक्ट्रिकच्या वर्कशॉपवर मोठी साहेबीण, आणि जुन्या गाडीचं वय झालं असं तू ठरवलंस. मी बापड्याने मान हलवली.

जुनी अजून शेडमध्ये आहे. तिला बाहेर काढतोय. तुझी तू येऊन घेऊन जा.

— दादा


९ एप्रिल

दादा,

कागदाला गप्प करता येत नाही हे बरं झालं. आता तूही नीट ऐक.

एक मयत वाटेत अडकलं नाही? वकिलांच्या आईला नेताना बाजाराच्या तोंडाशी जुनी बंद पडली, ते विसरलास? वकीलसाहेब काळा कोट काढून स्वतः धक्का मारत होते. गाडी सुरू झाली ती असा बार काढून, की अर्धी माणसं रडायची थांबली. मागे चालणाऱ्यांच्या तोंडावर काळा धूर. आणि टँकरवाल्यांचा संप झाला तेव्हा अण्णा शेजाऱ्यांच्या स्कूटरमधून नळी लावून तोंडाने पेट्रोल ओढत होते. तोंडभर पेट्रोल गेलं, दोन दिवस त्यांना अन्नाची चव लागली नाही. ते अडकणं नव्हतं वाटतं?

आता हिशोबाचं बोलू. ते गाव आणि परत, एवढ्याच्या दुप्पट ती गाडी एका चार्जिंगमध्ये जाते. घाटाची चढण धर. उन्हाळा धर. शीतपेटी त्याच बॅटरीवर चालते, तेही धर. तरी घाट चढून पुरेशी शिल्लक राहायला हवी. राहिली नाही, म्हणजे दोनच गोष्टी. एक तर तू आदल्या दिवशी चार्ज केली नाहीस. नाही तर केलीस आणि भलतीकडे हिंडवलीस. माझ्या मते तू मुद्दाम केलंस. चार माणसांत गाडीचं नाक कापायचं, म्हणजे छोटी आपोआप गप्प बसेल. लहानपणी माझ्या सायकलची हवा सोडायचास, आता मेलेल्या माणसाच्या गाडीची सोडलीस एवढाच फरक.

मी ती गाडी कंपनीकडून आली तशी पाठवली नाही. तीन रविवार तिच्यावर घातले. हळू चालताना आणि मागे घेताना ती खेळण्यातल्या विमानासारखा गुंईऽऽ करायची. ते मी स्वतः वायर काढून बंद केलं. रडणाऱ्या माणसांपुढे असला आवाज नको म्हणून. एवढा विचार तुझ्या जुन्या डबड्याचा कुणी केला होता?

अण्णांना फोन दे. माझे दोन फोन त्यांनी उचलले नाहीत.

— छोटी


१५ एप्रिल

मुद्दाम केलं म्हणतेस. वीस वर्षं मी लोकांचे आईबाप उचलतोय. कुणाच्या मयताशी मी असा खेळ करीन, हे तुझ्या मनात आलं आणि तू ते कागदावर उतरवलंस. ठीक आहे. मला ते कायम लक्षात राहील.

तुझ्या डेपोत साठ बसगाड्या, रांगेत साठ खांब, दिमतीला माणसं. इथे काय आहे ते बघायला एकदा तरी आलीस? शेडमधला प्लग शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याच्याच लाइनवर आहे. त्याची गिरणी चालू असताना मी गाडी लावली की दोघांचा फ्यूज जातो आणि तो पिठाच्या हातानेच भांडायला येतो. संध्याकाळी लावावी तर वीज जाते. वायर खिडकीतून काढलीय, त्यामुळे खिडकी लागत नाही आणि तुझी वहिनी रोज मला दोन शब्द ऐकवते. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने एकदा बॉनेट उघडलं, आत बघितलं, झाकलं आणि नमस्कार केला. तिला हात लावणारा माणूस सगळ्यात जवळ म्हणजे चार तासांवर राहतो. जुनीचं काही बिघडलं तर मी स्वतः पाना घेऊन खाली शिरतो.

हे सगळं राहू दे. मी ती गाडी चालवणार नाही. कारण विचारू नकोस. तिला ताडपत्री घातलीय. कालपासून जुनीच काढतो.

अण्णा आहेत तसे आहेत. त्यांना सारखे फोन करून त्रास देऊ नकोस.

— दादा


२४ एप्रिल

ती. दादांस,

काल मास्तरांच्या मुलीचा फोन आला. माझा नंबर तिने गाडीच्या दारावरून उतरवून घेतला होता. मला वाटलं, तक्रारीचा असेल. म्हणून आधीच माफी मागायला लागले. तर ती म्हणाली, "अहो माफी कसली! तुमच्या दादांचे आभार मानायचे होते. त्या दिवशी राहूनच गेलं."

मग तिने सगळं सांगितलं. तू मला जे सांगितलं नाहीस ते सगळं.

घरून निघाल्यावर तिची आई म्हणाली, ह्यांनी रंगवलेल्या पाट्या वाटेत दिसतील का हो? आणि तू गाडी सरळ घाटाकडे न नेता बाजारात वळवलीस. किराणा दुकान, शिंपी, दवाखाना, दोन्ही शाळा, छापखाना, नदीपलीकडचा लाकडाचा अड्डा. गाव तर गाव, शेजारच्या गावातही दोन पाट्या होत्या, तिथेही गेलात. प्रत्येक पाटीसमोर थांबलास. आणि तिची आई आतून वाचून दाखवत होती मास्तरांना. "हा ळ तुम्ही तीनदा पुसला होता बघा." "ह्याने पिवळा मागितला होता, तुम्ही ऐकलं नाहीत." मुलगी म्हणाली, आईच्या पुटपुटण्यातलं अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं, इतकी शांत गाडी. दुसऱ्या गाडीत आई एवढं बोललीच नसती. शेवटी तू काच खाली करून डोळे पुसत होतास, हेही ती म्हणाली.

म्हणजे बॅटरी कुठे गेली ते कळलं. हळू चालवल्याने नाही जात ती. भर उन्हात शीतपेटी आणि एसी अर्धा दिवस चालले, त्यात गेली. आणि घाटावर जायचंय हे माहीत असून तू आकडा बघितला नाहीस.

तुझ्या मनात चांगलं आलं ते त्या गाडीमुळे जमलं. आणि तू काय केलंस? घरी येऊन मला शिव्या घातल्यास. जुन्या गाडीत तू त्यांना पाट्या दाखवल्या असत्यास? पाचव्या पाटीला इंजिन तापून वाफ आली असती. तुला गाडी आवडलीय, दादा. ती छोटीने आणली एवढंच तुझ्या घशाखाली उतरत नाही. इतका कोत्या मनाचा माणूस मी दुसरा बघितला नाही.

तू नको म्हणालास तरी मी अण्णांना फोन केला. वहिनीने दिला. आवाज थकलेला वाटला, पण म्हणाले, "गाडी फार गुणाची आहे गं तुझी, मी रोज हात फिरवून बघतो." आणि तू तिला ताडपत्री घालतोस.

महिनाअखेर मी भंगारवाला घेऊन येते. जुनी जाईल. सही माझीही लागते, तशी माझ्या सहीने जातेही.

— छोटी


२८ एप्रिल

छोटी,

अण्णा गाडीवर हात फिरवत नाहीत. ते अंथरुणावर आहेत. खुब्याचं हाड मोडलंय.

तुझं ते "मुद्दाम केलंस"वालं पत्र आलं त्या दिवशीची गोष्ट. वाचून डोकं फिरलं होतं. एका घरून बोलावणं आलं म्हणून शेडमधून तुझी गाडी मागे घेत होतो. अण्णांना आता डोळ्यांनी फक्त उजेड-सावली कळते. तुला वाटतं तेवढं दिसत नाही, गेलं वर्षभर. अंगणात ते कानाने चालतात. जुनी सुरू झाली की आपोआप भिंतीला लागून उभे राहायचे. हिचं त्यांना काही कळलंच नाही. काठी टेकत मागून येत होते. मला आरशात दिसले नाहीत. धक्का फार लागला नाही, पण पडले ते फरशीच्या कडेवर.

उचलून जुनीत घालायला गेलो. किल्ली फिरवून फिरवून हात दुखला, सुरूच झाली नाही. तेव्हा ज्या गाडीने पाडलं तिच्यातूनच दवाखान्यात नेलं. जिथे मयत ठेवतो तिथे आडवं करून. पोचेपर्यंत ते एवढंच बोलत होते, "छोटीला सांगू नकोस. पोरीने हौसेने पाठवलीय." मला शपथ घातली. डॉक्टर म्हणाले, या वयात ऑपरेशन झेपणार नाही.

जो आवाज बंद केल्याचं तू एवढं कौतुक लिहिलंस, तो गाडीत मुळात होता. कंपनीने घालून दिला होता. तू काढलास. शहाणपणा करून, तीन रविवार घालून काढलास.

मी शपथ मोडली. तू मला कोत्या मनाचा म्हणालीस म्हणून मोडली. भंगारवाला आणायचा तर आण. त्याला काय काय द्यायचं ते तूच ठरव.

— दादा


११ मे

दादा,

अण्णांना बघायला आले तेव्हा बोलता आलं नाही. मी समोर आले की तू खोलीतून निघून जायचास. म्हणून परत येऊन लिहितेय.

अण्णा माझा हात धरून विचारत होते, "दादा बोलतो ना तुझ्याशी?" मी हो म्हणाले. तू दारात उभा होतास, तू ऐकलंस. मागे फिरलास.

त्यांच्या पाठीला जखमा झाल्यात. वहिनी सगळं करते, तिच्याबद्दल मला बोलायला जागा नाही. पण पंधरा दिवस तू मला अंधारात ठेवलंस. ते जिन्यावरून पडले असते तरी ठेवलं असतंस का? नाही. तेव्हा लगेच फोन केला असतास. तुला स्वतःची चूक झाकायची होती. शपथेचं नाव पुढे केलंस. आवाज मी काढला, ते माझं. ते मी मेल्यावरही माझंच राहील, तू सांगायची गरज नाही. पण डोकं फिरलेलं असताना, घरात आंधळा बाप असताना, मागे कुणाला उभं न करता गाडी रिव्हर्स घेणारा हात तुझा होता.

शेडमध्ये बसून मी ती वायर परत जोडली. तू दारातून बघत होतास. टॉर्च धरायलाही पुढे आला नाहीस. तोंडात टॉर्च धरून जोडली. आता ती गुंईऽऽ करते. गिरणीवाल्याशी बोलले, त्याच्याही हाता-पाया पडले, वेगळी लाइन घ्यायला तो तयार आहे. वायरमनला अर्ज दिलाय.

जुनीला हात लावला नाही. दोन्ही राहू देत. तुला जी काढायची ती काढ. मला आता त्यातलं काही सांगू नकोस.

— छोटी


१९ जून

छोटी,

अण्णा गेल्यावर तू इथे तीन दिवस होतीस. आपण काय बोललो ते आठव. "पाणी आलं का?" "आलं." बास.

जाताना तू वहिनीला विचारलंस म्हणे, अण्णांना कोणत्या गाडीतून नेलं. माझ्याकडून उत्तर हवं होतं तर मलाच विचारायचं होतंस. तरी सांगतो.

सकाळी ते गेले आणि लगेच वहिनीने तुला फोन केला. तू म्हणालीस, निघते. तुझ्या तिकडच्या इलेक्ट्रिक गाडीने निघालीस तर वाटेत एकदा चार्ज करूनही दुपार टळायच्या आत पोचायला हवी होतीस. हे मी मनात मोजलं होतं. दुपारपर्यंत थांबलो. मग आणखी थांबलो. तुझा फोन लागत नव्हता. उन्हाचे दिवस, लोक तरी किती वेळ बसणार? कुणीतरी म्हणालं, छोटी कुठेतरी चार्जिंगला उभी असेल. दोघंतिघं हसले. खरं सांगतो, मलाही तेच वाटलं. तू अंधार पडल्यावर आलीस तेव्हा दारात गाडी नव्हती. म्हटलं, बंद पडली म्हणून वाटेत टाकून आली असेल. विचारलं नाही.

आता गाडीचं. शेडपाशी गेलो. एक किल्ली या खिशात, एक त्या खिशात. तुझी काढावी तर ज्या गाडीने त्यांना पाडलं, तिच्यातून नेलं असं तू जन्मभर मनात धरशील असं वाटलं. नाही तर म्हणशील, माझ्या नाकावर टिच्चून नेलं. जुनी काढावी तर म्हणशील, शेवटच्या दिवशीही बापाला धुरात नेलं, स्वतःचा हट्ट पुरा केला. बराच वेळ उभा होतो. मग दाराचा अडसर काढलाच नाही. परत येऊन सांगितलं, खांद्यावरून नेऊ.

स्मशान लांब. तीस वर्षं गावाला गाडीतून नेणारा माणूस स्वतः मात्र लोकांच्या खांद्यावरून गेला. तुझी वाट बघत मी मुद्दाम हळू चालत होतो. दोनदा मागे वळून बघितलं.

लोक विचारतात, छोटीला उशीर का झाला. मी चार्जिंगचं सांगतो.

— दादा


२६ जून

दादा,

मी गाडी आणलीच नव्हती.

वहिनीचा फोन आला तेव्हा गाडी खाली उभी होती, रात्रभर लावलेली, भरलेली. दार उघडून आत बसलेसुद्धा. मग मनात आलं, वाटेत एकदा थांबावं लागेल. खांबाला रांग असली, एखादा बंद असला, तासभर इकडेतिकडे झाला, तर दादा मढ्यासमोर उभा राहून मला चार्जिंगवरून बोलेल. चार माणसांत बोलेल. आणि मला उत्तर देता येणार नाही, कारण आता मला उत्तर देण्याचं तोंडच नव्हतं. म्हणून गाडीला कुलूप लावलं आणि स्टँडवर जाऊन बस पकडली.

बस अर्ध्या वाटेवर बंद पडली. डिझेलची होती. यावर मला काही म्हणायचं नाही, आणि तूही म्हणू नकोस. रस्त्याच्या कडेला सगळ्यांबरोबर उभी होते, मोबाइलला रेंज नव्हती. दुसरी बस आली तिच्यात उभ्याने आले. आपल्या गावाच्या फाट्यावर उतरले तेव्हा स्मशानातून परत येणारी माणसं भेटली. त्यांच्याकडून कळलं.

घरची गाडी आणली असती तर पोचले असते. तू हळू चालत होतास म्हणतोस, तर अगदी तेव्हा पोचले असते.

तू माझ्या तोंडाच्या भीतीने शेड उघडली नाहीस. मी तुझ्या तोंडाच्या भीतीने गाडी काढली नाही. यात अण्णा कुठेच नव्हते, दादा. त्यांचा विचार आपण दोघांनीही केला नाही.

तुला माफ केलं असं लिहिता येत नाही. तूही लिहू नकोस, खोटं वाटेल. वर्षश्राद्धाला येईन तेव्हा वहिनीच्या हातचं जेवीन आणि जाईन.

परत निघताना गावच्या स्टँडवर छापखान्याचे मालक भेटले होते. माझे हात धरून म्हणाले, "शेडमध्ये दोन-दोन गाड्या उभ्या असताना बापाला खांद्यावरून नेलं तुझ्या भावाने. असं प्रेम आता बघायला मिळत नाही." मी हो म्हणाले. गावात सगळे असंच म्हणत असतील.

तूही त्यांना काही सांगू नकोस.

— छोटी